अंतर्मुखांसाठी ‘पर्सनल ब्रँड’: आठ शनिवारांच्या एका कार्यशाळेचे परीक्षण

कार्यशाळेच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकाच्या हाती एक देखणी वही देण्यात आली आणि तिच्या मुखपृष्ठावर जाड ठशात ‘अंतर्मूख व्यक्तींसाठी पर्सनल ब्रँडिंग’ असे छापलेले होते. ‘मुख’ या तत्सम शब्दातला उकार ऱ्हस्व आहे आणि आधी ‘अंतर्’ लागल्याने तो दीर्घ होत नाही. गेली २५ वर्षे मी पुण्यात मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते, त्यामुळे नजर आधी तिथेच अडली आणि पुढची दहा मिनिटे संचालिका काय सांगत होत्या ते माझ्यापर्यंत पोचलेच नाही. हात वर करून २२ जणांसमोर चूक दाखवावी, की गप्प बसावे, की चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगावे, या तिढ्यात चहाची सुट्टीही संपली. शेवटी पेन्सिलीने त्या ‘मू’भोवती वर्तुळ काढून, समासात ‘मु’ लिहून मी वही पिशवीत टाकली. ज्या दुखण्यावर औषध म्हणून मी शुल्क भरले होते, ते पहिल्याच तासाला असे शेजारी येऊन बसले.

मुद्रितशोधकाचा व्यवसायच असा आहे की काम नीट झाले तर ते कोणाला दिसत नाही. ३०० पाने न अडखळता वाचून झाली की वाचक लेखकाचे कौतुक करतो. एका पानावर ‘आशिर्वाद’ दिसला की मात्र प्रुफे कोणी वाचली याची चौकशी सुरू होते. श्रेयनामावलीच्या पानावर मुखपृष्ठकार, अक्षरजुळणीकार आणि मुद्रक यांची नावे असतात, मुद्रितशोधकाचे नाव असतेच असे नाही. तरीही इतकी वर्षे मला काम कमी पडले नाही, कारण अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, म्हणजे पुण्याच्या पुस्तकबाजारात, तोंडी शब्द चालत असे. एका प्रकाशकाने दुसऱ्याला सांगितले की दिवाळी अंकांच्या हंगामात फॉर्मे, म्हणजे छपाईचे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, आपोआप घरी येत. गेल्या तीन वर्षांत ज्यांच्या शब्दावर माझे घर चालत होते, त्यांतले दोन प्रकाशक निवृत्त झाले आणि नवे लेखक स्वतःच पुस्तक काढू लागले. हे लेखक चौकात येऊन चौकशी करत नाहीत, मोबाइलवर शोधतात. माझी भाची एकदा सहज म्हणाली, “मावशी, तुझं नाव गूगलवर टाकलं ना, तर त्याच नावाच्या एक डेंटिस्ट येतात. तू कुठेच नाहीस.” त्या रात्री मी कार्यशाळेचा अर्ज भरला.

शुल्क दहा हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ११,८०० रुपये होते. आठ शनिवार, प्रत्येकी अडीच तास. पहिले आणि सातवे सत्र कर्वे रस्त्याजवळच्या एका छोट्या सभागृहात, बाकीची सहा झूमवर. सहभागी २२ होते आणि त्यांत एक सनदी लेखापाल, एक आयुर्वेदाच्या वैद्य, हिंजवडीतल्या कंपन्यांमधले चार-पाच अभियंते, नाशिककडचे एक द्राक्षबागांचे सल्लागार आणि एक तबलावादन शिकवणारे गुरुजी असा संमिश्र समुदाय होता. आयोजकांचे नाव मी देत नाही. माझ्या काही तक्रारी तिखट आहेत आणि त्या या एका संस्थेपुरत्या नाहीत; या विषयाच्या ज्या तीन-चार कार्यशाळांची माहितीपत्रके मी आधी वाचली होती, त्यांचा साचाही थोड्याफार फरकाने हाच होता.

पहिल्या सत्रातला इतिहासाचा भाग चांगला झाला. माणसाने स्वतःकडे एखाद्या ब्रँडसारखे पाहावे, ही कल्पना लोकप्रिय केली ती अमेरिकी व्यवस्थापन-लेखक टॉम पीटर्स यांनी, १९९७मध्ये ‘फास्ट कंपनी’ मासिकात लिहिलेल्या लेखातून. तर अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रात रूढ झाली ती स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांच्या १९२१च्या ग्रंथामुळे. या दोन कल्पनांमध्ये पाऊण शतकाचे अंतर आहे आणि ब्रँडची कल्पना जन्मली ती जाहिरातीच्या मुलखात, जिथे अंतर्मुख माणसांना मुळातच परके वाटते, हे संचालिकांनी नेमकेपणाने मांडले. त्यानंतर मात्र १२ प्रश्नांची एक चाचणी देण्यात आली आणि गुणांनुसार प्रत्येकाच्या छातीवर हिरवा किंवा निळा बिल्ला लावण्यात आला. आजचे व्यक्तिमत्त्वशास्त्र बहिर्मुखता ही एक सलग पट्टी मानते आणि बहुतेक माणसे त्या पट्टीच्या मधल्या भागात असतात. तिचे दोन रंग करणे म्हणजे इंद्रधनुष्याचे दोन डबे करण्यासारखे आहे.

त्याहून गंभीर गोष्ट ही की लाजाळूपणा आणि अंतर्मुखता यांची गल्लत शेवटच्या सत्रापर्यंत सुटली नाही. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची भीती असते. अंतर्मुख माणसाला भीती असेलच असे नाही, त्याला गर्दीत फार वेळ राहिले की शीण येतो आणि एकांतात बरे वाटते. मी प्रकाशकाशी मानधनावरून अर्धा तास हुज्जत घालू शकते आणि घातलेली आहे. पण प्रकाशन-समारंभानंतरच्या अल्पोपाहारात हातात कागदी बशी घेऊन चार अनोळखी माणसांशी हवापाण्याचे बोलणे मला जमत नाही, आणि जमले तरी दुसऱ्या दिवशी एकही फॉर्मा वाचून होत नाही. पहिल्या प्रकारच्या माणसाला धीर द्यावा लागतो, दुसऱ्याला वेळापत्रक बदलून द्यावे लागते. कार्यशाळेने सगळ्यांना सरसकट धीरच दिला.

‘ब्रँड’ या शब्दाशी माझे शेवटपर्यंत जमले नाही, हेही सांगितले पाहिजे. मराठीत त्याला ‘नाममुद्रा’ हा चांगला प्रतिशब्द आहे आणि मुद्रितशोधकाला तो आवडायलाही हवा, पण बाजारपेठेत याहून जुना आणि या कामाला नेमका बसणारा शब्द आहे, तो म्हणजे ‘पत’. पत माणसाच्या गैरहजेरीत काम करते. दुकानात आपण नसतानाही आपल्या नावावर माल दिला जातो, तो पत आहे म्हणून. मला कार्यशाळेकडून हवे होते ते एवढेच, की चौकातल्या दहा-बारा लोकांच्या मनात असलेली माझी पत अनोळखी माणसालाही दिसेल अशा ठिकाणी लेखी उतरावी, आणि त्यासाठी मला स्वतःला तिथे उभे राहावे लागू नये. या एका मोजपट्टीने पाहिले तर आठांपैकी चार शनिवार पुरेपूर वसूल झाले, दोन बरे गेले आणि दोन वाया गेले.

वसूल झालेल्या सत्रांत तिसरे आणि चौथे सत्र पहिल्या क्रमांकावर आहे. संचालिकांनी विचारले, “लोक तुम्हाला कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात? तेवढेच लिहा. स्वतःविषयी एक अक्षरही लिहू नका.” अंतर्मुख माणसासाठी याहून सुटसुटीत वाट मी पाहिलेली नाही. मी त्या आठवड्यात असे १२ प्रश्न वहीत उतरवले आणि त्यांतला पहिला लिहून काढला. ‘विद्यार्थीमंडळ’ की ‘विद्यार्थिमंडळ’ हा तो प्रश्न. मूळ संस्कृत शब्द ‘विद्यार्थिन्’; मराठीत येताना त्याचा शेवटचा ‘न्’ गळतो आणि आधीचे अक्षर दीर्घ होते, म्हणून सुटा शब्द ‘विद्यार्थी’; पण तो समासाचे पूर्वपद झाला की ऱ्हस्वच राहतो, म्हणून ‘विद्यार्थिमंडळ’, ‘प्राणिसंग्रह’, ‘पक्षिमित्र’. साहित्य महामंडळाच्या नियमांना, म्हणजे १९६२च्या १४ आणि १९७२मध्ये जोडलेल्या ४ अशा एकूण १८ नियमांना धरून मी हे जेमतेम १४० शब्दांत मांडले आणि लिंक्डइनवर ठेवले. तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा निरोप आला की फलक रंगवायला टाकायचा आहे, त्यावरच्या सहा ओळी पाहून द्याल का. मी पाहून दिल्या. पैसे घेतले नाहीत, पण माझ्या घराबाहेरच्या एका माणसाला मी काय करते हे मी न सांगता कळले, याचे मला अप्रूप वाटले.

इथेच माझा संचालिकांशी पहिला मतभेद झाला. त्यांचे म्हणणे असे की प्रश्नोत्तरांपेक्षा ‘आधी आणि नंतर’ जास्त चालते. चुकांनी भरलेले पान आणि लाल शाईने सुधारलेले पान शेजारी शेजारी ठेवावे. गृहसजावटकाराला किंवा केशभूषाकाराला हे ठीक आहे. मुद्रितशोधकाच्या हाती लेखकाचे कच्चे पान विश्वासाने आलेले असते आणि त्यावरच्या चुका ही त्या दोघांतली गोष्ट असते. वैद्यबाईंनीही रुग्णांच्या बाबतीत हीच अडचण सांगितली आणि लेखापालांनी हिशेबवह्यांच्या. आम्हा तिघांना मिळालेले उत्तर ‘नाव झाकून टाका’ एवढेच होते. लेखक स्वतःचे वाक्य नाव झाकले तरी ओळखतो. मी शेवटी उदाहरणादाखलची सगळी वाक्ये स्वतः रचायची असे ठरवले. त्याला वेळ लागतो, पण झोप नीट लागते. जिथे पत गुप्ततेवर उभी आहे अशा व्यवसायांसाठी कार्यशाळेत एक स्वतंत्र तास हवा होता, आणि आमच्या तुकडीत अशी निदान सात-आठ माणसे तरी होती.

लिंक्डइनचे तांत्रिक सत्र उपयुक्त होते, मात्र ते इंग्रजीत लिहिणाऱ्यासाठी बेतलेले होते. मथळ्याला २२० चिन्हे, परिचयाला २,६०० आणि एका नोंदीला ३,००० अशा मर्यादा सांगण्यात आल्या. देवनागरीत लिहिणाऱ्याला या मर्यादा दिसतात त्याहून तोकड्या पडतात, हे मात्र कोणी सांगितले नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह हे सगळे स्वतंत्र मोजले जाते. ‘मुद्रितशोधक’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, यंत्राच्या हिशेबी तो ११ चिन्हांचा आहे. मोबाइलवरचा मराठी लघुसंदेश १६० ऐवजी ७० चिन्हांवर तुटतो, त्यामागेही युनिकोडच आहे. मी मथळा तीनदा कापला. संचालिकांनी दिलेला साचा ‘मी अमुक लोकांना तमुक साध्य करण्यास मदत करते’ असा होता. तो इंग्रजीतून उचललेला आहे आणि मराठीत वाचताना विमा विकायला आलेल्या माणसासारखा वाटतो. शेवटी मी ‘मराठी पुस्तके, प्रबंध आणि दिवाळी अंक यांचे मुद्रितशोधन’ एवढेच ठेवले. भाचीच्या मते ते दुकानाच्या पाटीसारखे दिसते. मला पाटीच हवी होती.

याच सत्रात सांगितलेल्या सेटिंग्ज मात्र मी माझ्या प्रत्येक अबोल मैत्रिणीला सांगत असते. दुसऱ्याचे पान पाहिले की त्याला आपले नाव कळते, या धास्तीने मी कधी कोणाचे पान उघडत नसे. खासगी पाहणीचा पर्याय निवडला की ते कळत नाही. मोफत खात्यावर मग आपले पान कोणी पाहिले हेही आपल्याला दिसत नाही, पण तो सौदा मला मान्य आहे. आपण परिचयात एक शब्द बदलला की ओळखीच्या सगळ्यांना सूचना जाऊ नये, यासाठीही एक कळ आहे. ती बंद करून मी एका रविवारी दुपारी सगळा परिचय १४ वेळा बदलला आणि कोणाचेही अभिनंदन आले नाही. नोंदी आधी लिहून ठेवून पुढच्या तारखांना लावून ठेवता येतात, ही तिसरी सोय. महिन्यातून एकदा, मन ताजे असताना, चार नोंदी लिहायच्या आणि दर सोमवारी एक जाईल असे लावून टाकायचे. सोमवारी सकाळी मी प्रुफे वाचत असते आणि माझी पाटी तिकडे आपली आपण उघडते. नोंद प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या तासात प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर दिलेच पाहिजे असा आग्रह धरण्यात आला आणि त्यासाठी काही टक्केवाऱ्याही पडद्यावर झळकल्या, पण त्या कुठून आल्या याचे उत्तर मिळाले नाही. मी संध्याकाळी उत्तरे देते. अजून कोणी रागावलेले नाही.

मराठीपुरते बोलायचे तर कार्यशाळेत एक मोठी पोकळी होती आणि ती मला दोन आठवडे उशिरा कळली. ‘तुमच्या कामाचे नमुने संकेतस्थळावर ठेवा’ असे सांगण्यात आले, म्हणून मी जुन्या पीडीएफमधली काही पाने, प्रकाशकांच्या परवानगीने, ठेवली. ती पडद्यावर सुरेख दिसत होती आणि शोधयंत्राला मात्र सापडत नव्हती. कारण मराठी मुद्रणव्यवसायात श्रीलिपीसारख्या प्रणालींतले युनिकोडपूर्व फाँट आजही सर्रास वापरले जातात. त्यांत ‘क’ दिसतो तिथे यंत्राला दुसरेच एखादे रोमन अक्षर वाचायला मिळते. अशा पानातला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की अक्षरांची भेळ हाती येते, आणि शोधयंत्रही तीच भेळ वाचत असते. २५ वर्षांचे काम अशा रीतीने महाजालावर असूनही नसल्यासारखे राहू शकते. मी आठ नमुने युनिकोडमध्ये पुन्हा टंकित केले, तेव्हा कुठे माझे नाव शोधल्यावर दंतवैद्यबाईंच्या खालोखाल माझे पान दिसू लागले. संचालिकांना हे सांगितले तर त्यांनी प्रांजळपणे कबूल केले की त्यांना याची कल्पना नव्हती. २०१४पासून ‘.भारत’ हा देवनागरी डोमेन मिळतो, याचाही कार्यशाळेत उल्लेख झाला नाही. मी अखेर ‘.इन’च घेतला, पण पर्याय माहीत असता तर विचार तरी केला असता. लिंक्डइनने भारतीय भाषांपैकी हिंदी प्रथम २०२१मध्ये आणली आणि आता त्याचे दर्शनी रूप मराठीतही मिळते. तरी आमच्या वहीतली प्रत्येक आकृती इंग्रजी पडद्याची होती.

व्हॉट्सॲप बिझनेसवरचा अर्धा तास लहान होता, पण रोजच्या जगण्यात सर्वांत जास्त फरक त्याने पडला. कामाच्या वेळा लावता येतात, त्या वेळेबाहेर आलेल्या निरोपाला ठरावीक उत्तर आपोआप जाते आणि वारंवार द्यायची उत्तरे साठवून ठेवता येतात. दर पानाचा दर, वेळ किती लागेल, फाइल कोणत्या स्वरूपात हवी, ही तीन उत्तरे मी सावकाश, पाच वेळा सुधारून लिहून ठेवली. पूर्वी दर विचारला की माझ्या तोंडून आधी “बघू ना, तसं काही नाही” असे निघे आणि मग दर आपोआप उतरे. लिहून ठेवलेले उत्तर असा संकोच करत नाही. गूगलवर व्यवसायाची नोंद करताना घरचा पत्ता झाकून केवळ सेवेचा परिसर दाखवता येतो, हेही इथेच कळले. घरून काम करणाऱ्या बाईसाठी हे महत्त्वाचे आहे आणि यावर अधिक वेळ द्यायला हवा होता.

आता वाया गेलेल्या सत्रांविषयी. सहावा शनिवार रील्सचा होता. चेहरा दाखवल्याशिवाय विश्वास बसत नाही, हे वाक्य त्या अडीच तासांत मी नऊ वेळा मोजले. चेहरा न दाखवता हातांचा, टेबलाचा, कागदावर चालणाऱ्या पेन्सिलीचा व्हिडिओ करता येतो. द्राक्षांचे सल्लागार त्यांच्या मोबाइलवर छाटणीचा असाच एक व्हिडिओ दाखवत होते आणि तो उत्तम होता, पण त्याला ‘सुरुवात म्हणून ठीक’ असा शेरा मिळाला. मला तो पूर्णत्वाने ठीक वाटला. छाटणी करणाऱ्याच्या हातावर विश्वास बसतो, त्याच्या हसण्यावर बसायची गरज नसते.

सातव्या शनिवारी सभागृहात खुर्च्यांची दोन वर्तुळे मांडलेली होती, एकात एक, प्रत्येकी दहा, कारण दोघे गैरहजर होते. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी घंटी टेबलावर होती. एक मिनिट आपण कोण ते सांगायचे, एक मिनिट समोरच्याचे ऐकायचे, घंटी वाजली की आतल्या वर्तुळाने एक खुर्ची सरकायचे. अंतर्मुखांच्या कार्यशाळेत हा प्रयोग कोणाला सुचला असेल ते मला कळलेले नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांचे आवाज चढले, कारण दहा माणसे एकदम बोलू लागली की शेजारच्याच्या वर आवाज काढावा लागतो. पाचव्या फेरीत मी समोरच्या अभियंत्याला माझा व्यवसाय ‘मुद्रणशोधन’ असा सांगितला, म्हणजे स्वतःच्या कामाचे नाव चुकवले. सहाव्या फेरीत तबल्याचे गुरुजी समोर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “ताई, आपण हे एक मिनिट नुसते बसू या का?” आम्ही बसलो. त्यांची बोटे गुडघ्यावर अगदी बारीक चालत होती, बहुधा त्यांनाही न कळत. मी ती पाहत राहिले आणि दोन मिनिटे संपली. पुढे दोन महिन्यांनी त्यांच्या भाचीचा संगीतावरचा प्रबंध माझ्याकडे आला. “तुम्ही नीट बघता, एवढं मी तेव्हा पाहिलं होतं,” असे त्यांनी फोनवर सांगितले. मात्र याचे श्रेय मी घंटीला देणार नाही.

पाचव्या सत्रातला अभिप्राय मागण्याचा स्वाध्याय मी शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकलला. जुन्या पाच ग्राहकांना दोन ओळी लिहून मागायच्या, एवढेच काम होते. कार्यशाळेने त्यासाठी पत्राचा मसुदा दिला होता आणि तो, आश्चर्य म्हणजे, चांगल्या मराठीत होता: काय लिहावे ते सुचवणारा, न लिहिल्यास वाईट वाटणार नाही असे सांगणारा, शेवटी आभार मानून थांबणारा. मी पाच पत्रे पाठवली, चार उत्तरे आली. निवृत्त झालेल्या एका प्रकाशकांनी शाईच्या पेनाने पानभर लिहून त्याचा फोटो पाठवला, आणि खाली ताजा कलम जोडला: “ताई, हे तुम्ही वीस वर्षांपूर्वी मागितले असते तरी दिले असते.” त्या पानात एक अनुस्वार राहिला होता. मी तो तसाच राहू दिला आहे.

आणि वहीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. चौथ्या शनिवारनंतर, लिहिणे हाच आपला मार्ग आहे हे पुरेसे पटल्यावर, मी संचालिकांना एक ईमेल लिहिली. मुखपृष्ठावरचा ‘मू’, आत सापडलेल्या आणखी ३१ जागा, प्रत्येकीचे पान आणि सुधारणा, कोणतीही टिप्पणी न करता. दोन ओळींचे उत्तर आले आणि त्यात पुढच्या तुकडीची वही छपाईआधी पाहून देण्याची विनंती होती, मानधनासह. मी साठवून ठेवलेले दराचे उत्तर पाठवले. या व्यवहारामुळे माझे परीक्षण मवाळ झाले असावे असे कोणाला वाटले तर ते रास्त आहे, म्हणून हे इथे नोंदवून ठेवते.

पाच महिन्यांचा हिशेब असा. एकूण १७ नोंदी गेल्या, चौकशा नऊ आल्या आणि तीन कामे मिळाली. गुरुजींच्या भाचीचा प्रबंध, कार्यशाळेची वही आणि अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाची ९६ पानांची स्मरणिका, म्हणजे आमच्या हिशेबात सहा फॉर्मे. स्मरणिकेच्या संपादकांना माझी ‘कवी’ आणि ‘कविसंमेलन’ यांवरची नोंद कोणीतरी पुढे पाठवली होती आणि त्यांच्या अंकात नेमका हाच शब्द तीन प्रकारे लिहिला गेला होता. त्यांच्याशी सगळा व्यवहार ईमेलवर झाला, एकदाही फोन झाला नाही, आणि पैसे वेळेवर आले. ११,८०० रुपये या तीन कामांत निघाले. पण ‘९० दिवसांत उत्पन्न दुप्पट’ असे जे माहितीपत्रकात म्हटले होते, त्याच्या जवळपासही कोणी पोचलेले मला आमच्या तुकडीत दिसले नाही.

ज्यांचे काम लिहून समजावता येते आणि ज्यांना वर्षभर धीराने थांबायची तयारी आहे, त्यांनी ही किंवा अशा प्रकारची कार्यशाळा करायला हरकत नाही. प्रवेश घेण्याआधी समोरासमोरच्या सत्रांत काय करून घेतात ते लेखी विचारून घ्यावे आणि त्या दिवशी गैरहजर राहण्याची मुभा मागावी. आमच्यातल्या दोघांनी ती मागितली आणि त्यांना मिळाली. ज्यांना खरोखर लोकांसमोर बोलण्याची भीती वाटते आणि ती घालवायची आहे, त्यांनी हे पैसे समुपदेशकाकडे खर्च करावेत. इथे ती जाणार नाही. झूमवर कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती होती, पण स्वतःचे चित्र स्वतःपुरते लपवता येते, हे तिसऱ्या आठवड्यात एका अभियंत्याने चॅटमध्ये लिहिले आणि त्यानंतर सत्रे बरीच सुसह्य झाली. शेवटच्या दिवशी ३,५०० रुपयांत छायाचित्रे काढून देण्याचे जे वेगळे पॅकेज पुढे करतात, ते घेऊ नये. दुपारी चारच्या सुमारास खिडकीजवळ उभे राहून भाचीने मोबाइलवर काढलेले छायाचित्र माझ्या पानावर आहे आणि ते पुरेसे आहे. समारोपानंतरच्या व्हॉट्सॲप गटात रोज सकाळी सूर्यफुले येतात, तो गट मी दुसऱ्याच दिवशी आर्काइव्ह केला.